मशीनचे दार अडते तेव्हा : आधी तपासणी, मग खर्च

वॉशिंग मशीन घरातून दुकानात आले, त्याला आता बरीच वर्षे झाली. कापडाचा व्यापारी नव्या ताग्यातून तुकडा कापून धुऊन पाहतो. रंग जातो का, कापड किती आटते, हे गिऱ्हाइकाच्या आधी त्याला कळले पाहिजे. तयार कपडे शिवणारे, लॉजवाले, छोटे लॉन्ड्रीवाले हेसुद्धा समोर दार असलेले मशीन ठेवतात. या मशीनबद्दल आम्ही सर्वात जास्त ऐकतो ती तक्रार दाराची. एक तर दार लॉक होत नाही आणि मशीन चालू होत नाही, नाहीतर धुलाई संपूनही दार उघडत नाही. दुसऱ्या प्रकारात नुकसान मोठे. ओला रंगीत माल तासन्‌तास आत पडून राहिला की एकाचा रंग दुसऱ्याला लागतो आणि भरपाई दुकानदाराच्या माथी येते.

लॉक काम कसे करते?

पुष्कळ मशीनमध्ये दाराच्या लॉकच्या आत विजेने तापणारी एक छोटी चकती आणि दोन धातूंची जोडपट्टी असते. मशीन सुरू करताच चकती तापते, पट्टी वाकते, खिटी आत बसते आणि त्याच वेळी मोटारकडे जाणाऱ्या विजेचा रस्ता खुला होतो. वीज बंद झाल्यावर पट्टी थंड होऊन सरळ व्हायला एक-दोन मिनिटे लागतात, तोवर दार उघडत नाही. हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे. घाईने दार ओढणारा माणूस प्लॅस्टिकचा हूक किंवा हँडल तोडून बसतो. काही नव्या मशीनमध्ये विद्युतचुंबकाचे लॉक असते. त्यातील काहींचे दार वीज गेली तरी बंदच राहते, वीज परत आल्यावर सुटते.

दार उघडत नसेल तर

प्रथम बटण बंद करावे, प्लग काढावा आणि पाच मिनिटे थांबावे. तरी दार अडले तर काचेतून आत पाहावे. आत पाणी असेल किंवा ते गरम असेल तर मशीन मुद्दाम दार सोडत नाही. पाणी का अडले, याचे उत्तर बहुधा खालच्या कोपऱ्यातील झाकणामागे, पंपाच्या फिल्टरमध्ये सापडते. आमच्या धंद्यातील माणसांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ताग्यातून कापलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या असतात, धुताना त्यांचे धागे सुटतात आणि फिल्टरमध्ये त्यांचा गुंता होतो. तुकड्याच्या कडेला आधी साधी शिलाई मारून घेतली तर हा त्रास बराच टळतो. फिल्टर उघडण्यापूर्वी गरम पाणी निवू द्यावे आणि खाली परात ठेवावी. काही मशीनमध्ये याच झाकणाआड दार सोडवण्याची दोरी असते. पाणी पूर्ण काढल्यावरच ती ओढावी.

मशीन सुरूच होत नसेल तर

दाराच्या रबरात कपड्याचे टोक अडकले आहे का, हूक झिजला किंवा तुटला आहे का, बिजागरी सैल होऊन दार खाली आले आहे का, हे डोळ्यांनीच दिसते. एलजीच्या मशीनवर आणि सॅमसंगच्या अनेक मशीनवर 'डीई' ही अक्षरे आली की दार नीट बंद झालेले नाही, असे समजावे. येथवरची तपासणी आपली. पुढचे काम कारागिराचे.

कारागिराला काय विचारावे?

कारागिराला एकच प्रश्न विचारावा : लॉकपर्यंत वीज येते का? वीज येते आणि तरी लॉक बसत नाही, तर लॉक बदलावे. वीजच येत नसेल तर आधी वायर व जोडणी तपासावी आणि सर्वात शेवटी इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे वळावे. लॉकपेक्षा बोर्ड कितीतरी महाग असतो. मीटर न लावता बोर्ड बदला म्हणणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजू नयेत. आमच्या बाजारात एका तयार कपड्यांच्या दुकानदाराला असाच सल्ला मिळाला होता. दुसऱ्या कारागिराने फिल्टर उघडला, मूठभर धागे काढले आणि पाणी निघताच दार सुटले. त्याने मेहनताना घेतला तो फक्त साफसफाईचा. बदललेला जुना भाग परत मागावा आणि पावतीवर भागाचे नाव लिहून घ्यावे.

आणखी एक खबरदारी. लॉकच्या तारा परस्पर जोडून मशीन 'चालू करून देतो' असे कोणी म्हटले तर साफ नकार द्यावा. पिळताना ड्रम मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो. त्या वेळी दार उघडले तर कामगाराचा किंवा घरातील मुलाचा हात जाऊ शकतो. चार पैशांच्या बचतीसाठी हा सौदा परवडणारा नाही.

घरगुती मशीन दुकानात वापरले तर अनेक कंपन्या हमी नाकारतात, म्हणून हमीपत्र खरेदीच्या वेळीच वाचावे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक संरक्षण कायदा 2019 चे संरक्षण मिळत नाही. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठीच घेतलेली वस्तू त्यात बसते. घरच्या मशीनबाबत फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.

माल घेताना आपण कापड हातात घेऊन, उजेडात धरून, धागा ओढून पाहतो आणि मगच भाव ठरवतो. दुरुस्तीचा भावही तसाच ठरवावा. महिन्यातून एकदा फिल्टर साफ करणे हे दुकानातील कोणा एकाचे काम म्हणून नेमून द्यावे. त्याला दहा मिनिटे लागतात आणि गिऱ्हाइकाचा माल वेळेवर त्याच्या हाती पडतो.