शेजारची हाक

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पुतण्याची हळद होती. अंगणात मांडव, दारात डीजे. मुलं हौसेनं नाचत होती. खोटं कशाला बोलू, मीही चार पावलं नाचले. फळीवरची भांडी थरथरत होती, एकमेकींशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागत होतं. पण घरचं कार्य, वर्षातून एकदा. कोण कुणाला बोलणार?

रात्री साडेअकराला आवाज थांबला आणि तेव्हा कुठं शेजारच्या काकूंची हाक ऐकू आली. मोरीत पाय घसरून त्या पडल्या होत्या. पाऊण तास हाका मारत होत्या म्हणे. भिंतीला भिंत लागून घर, आणि आम्हाला पत्ता नाही! खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडं कार्य होतं, तुला तरी कसं ऐकू येणार?" त्यांनी रागवलं असतं तर बरं वाटलं असतं.

मैत्रिणींनो, त्यानंतर मी नियम शोधून वाचले. १९९८च्या जानेवारीत तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी वाजत होती आणि तिचा आक्रोश त्यात बुडून गेला. तिनं नंतर जाळून घेतलं. त्या बातमीनं अस्वस्थ झालेल्या एका इंजिनिअरनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल १८ जुलै २००५ रोजी लागला. वाचताना अंगावर काटा आला.

नियम तसे सोपे आहेत. केंद्र सरकारनं ते २००० साली केले. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, हे लक्षात ठेवा. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, दिवसासुद्धा. रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर लावता येत नाही. सणावारासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. पण ते दिवस सरकारनं ठरवायचे, आपण नव्हे.

"तक्रार केली तर गल्लीत वैर येईल," असं आमच्या मंडळातल्या बायका म्हणतात. भीती खरी आहे. म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की पोलिसांनी तक्रारदाराचं नाव-गाव न विचारता कारवाई करावी आणि कळलं तरी समोरच्याला सांगू नये. ११२ वर फोन करता येतो.

पण फोन करण्याआधी आपल्याच घरात बोलायला हवं. सुपारी देताना पुरुष ठरवतात, आपण गप्प बसतो. यंदा भाचीच्या हळदीला मी गप्प बसले नाही. घरात दोन दिवस धुसफूस झाली. शेवटी सनईवाले आले, बायकांनी जात्यापाशी बसून गाणी म्हटली, साडेनऊला सगळं आटोपलं. मुलं थोडी हिरमुसली, नाही असं नाही.

काकू वॉकर घेऊन आल्या होत्या. कोपऱ्यातून त्यांनी हळूच पाणी मागितलं. मला ते पहिल्या हाकेत ऐकू आलं.