एका नाण्यावर दोन राजे
इतिहासाचा तास, वर्गाबाहेर : लेखांक ६

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या एका राजाने आपला ठसा मारलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

सहावीच्या वर्गात सातवाहन शिकवले जातात. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, हे मुले ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’मध्ये बरोबर लिहितात आणि वार्षिक परीक्षा संपली की विसरतात. तीच मुले हे नाणे पाहतात तेव्हा मात्र प्रश्न थांबत नाहीत.

नाणे बोटाच्या पेराएवढे, म्हणून भिंग किंवा मोठे केलेले छायाचित्र हवेच. आधी नहपानाचा चेहरा दिसतो. कडेने ग्रीक अक्षरे, मागच्या बाजूला बाण आणि वज्र, शिवाय ब्राह्मी आणि खरोष्ठीतला मजकूर. नाशिकच्या परिसरात सापडलेल्या एकाच नाण्यावर तीन लिप्या! मग लक्षात येते की या चेहऱ्यावरच तीन कमानींची टेकडी उमटली आहे. कुठे ती गालावर आहे, कुठे कानावर. तिच्याभोवती ब्राह्मीत गौतमीपुत्राचे नाव आहे, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. खालचा राजा पुरता पुसला गेलेला नाही. नाणी वितळवून नवी का पाडली नाहीत? बाजारात कोणी ती नाकारली असती का? हरलेल्या राजाचा चेहरा मुद्दाम दिसू दिला असेल का? यांतल्या काही प्रश्नांवर अभ्यासकांनाही तर्कच करावा लागतो, हे बाईंनी वर्गात मोकळेपणाने सांगावे. इतिहास ठरतो कसा, हे मुलांना तिथेच कळू लागते.

नाशिकच्या शाळांना तर पुढचा धडा गावातच मिळतो. पांडवलेण्यांतले दहाव्या क्रमांकाचे लेणे नहपानाच्या घराण्याचे. त्याचा जावई उषवदात याने तिथे आपली दाने कोरून ठेवली आहेत. भिक्षूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले, त्यांतल्या २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर पाऊण टक्का व्याज ठरले, असा सविस्तर हिशेब त्यात आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षात कोरलेल्या या लेखात, आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती सांगते. वैरी घराणी, पण दोघांनीही दान दिले ते एकाच डोंगरावरच्या भिक्षूंना. पराभवाच्या त्या एका वाक्यात हे कुठेच येत नाही.

चित्र किंवा वस्तू पाहताना मुलांना कसे बोलते करावे, याची एक सोपी रीत अबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी अमेरिकेत बसवली. तिच्यात तीनच प्रश्न असतात: इथे काय चालले आहे? असे तुम्हाला कशावरून वाटते? आणखी काय दिसते? यांतला दुसरा प्रश्न लाखमोलाचा आहे, कारण तो मुलांना पुराव्यापाशी आणतो. मात्र ही रीत कलाकृती पाहण्यासाठी घडली. इतिहासाच्या तासाला ती जशीच्या तशी वापरली तर मुले अंदाज बांधण्यातच रमतात. त्यांचे बघून आणि बोलून झाले की नहपान कोण, काळ कोणता, हे शिक्षकांनी स्पष्ट सांगायलाच हवे. आधी बघणे आणि मग माहिती, हा क्रम तेवढा सांभाळावा.

त्यासाठी शिक्षकांनी सहलीआधी एकदा एकट्याने संग्रहालयात जाऊन यावे आणि दोन-तीनच वस्तू निवडाव्यात. सगळी दालने दाखवायचा हट्ट धरला की मुले रांगेने पुढे सरकत राहतात आणि वह्यांत फलकांवरचा मजकूर उतरवतात. अहवाल भरतो, पण वस्तू बघायची राहून जाते. नाण्यांसाठी अंजनेरीचे संग्रहालय आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालेली सहल तिथे सहज थांबू शकते.

ज्या शाळांना एवढा प्रवास परवडत नाही, त्यांच्याकडे संग्रहालयच जाऊ शकते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली. ती शाळाशाळांतून जाते. अर्थात ती सगळीकडे पोहोचणार नाही. पण महाराष्ट्रात कितीतरी गावांत मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ शेंदूर फासलेला एखादा वीरगळ उभा असतो. तो खालून वर वाचायचा: तळाशी लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. काहींवर तळाच्या चौकटीत गाईही कोरलेल्या असतात, म्हणजे लढाई गोधनासाठी झालेली. असा वीरगळ सातवीच्या मुलांसमोर कसा उलगडावा, ते पुढच्या लेखांकात पाहू.