'ऑप्टिमाइझ' म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या हॉस्टेलवर सध्या एकाच क्रियापदाची चलती आहे : ऑप्टिमाइझ करणे. कोड ऑप्टिमाइझ, अभ्यास ऑप्टिमाइझ, इतकंच काय, सकाळची अंघोळीची रांगसुद्धा ऑप्टिमाइझ! मीही हा शब्द बिनधास्त वापरायचे. मग एका व्हायवात सरांनी विचारलं, "ऑप्टिमाइझ म्हणजे काय?" मी ठोकून दिलं, "मॅक्झिमम एफिशियन्सी, सर." सर म्हणाले, "कशाची? आणि कोणत्या मर्यादेत?" माझी बोलती बंद.

मित्रांनो, सगळी गोम याच दोन प्रश्नांत आहे. लॅटिनमध्ये 'ऑप्टिमस' म्हणजे सर्वोत्तम. पण सर्वोत्तम कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं. प्रोग्रॅम वेगाने चालावा म्हणून उत्तरांचा तक्ता आधीच करून ठेवला, तर मेमरी जास्त लागते. म्हणजे 'कोड ऑप्टिमाइझ केला' हे अर्धंच वाक्य झालं. वेगासाठी केला की मेमरीसाठी? आणि 'मोस्ट ऑप्टिमम' तर कधीच म्हणू नका, ते 'सर्वात सर्वोत्तम' म्हटल्यासारखं होतं!

लेनिनग्राडचे गणिती कांटोरोविच यांच्याकडे प्लायवूडवाल्यांचा असाच प्रश्न आला होता : यंत्रं निरनिराळी, लाकूडही निरनिराळं, तर कोणतं काम कोणत्या यंत्राला द्यायचं? त्यातून त्यांनी काढलेली रीत 1939 मध्ये छापली गेली आणि 1975 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

मराठी परिभाषेत ऑप्टिममला 'इष्टतम' म्हणतात. मी पडले कॉन्व्हेंटची, मला तो डिक्शनरीत बघावा लागला. दिवाळीत आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती शिवणकाम करते. म्हणाली, "म्हणजे बेतणं की गं!" आणि ब्लाउजपीस पसरून दाखवलं. पन्हा एवढाच, काठ बाहीवर यायलाच हवा, माप कमी करायचं नाही, आणि तरी चिंध्या कमीत कमी. सरांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्या कात्रीपाशी तयार होती.

त्यानंतरच्या परीक्षेत माझ्या रूममेटने वेळ 'ऑप्टिमाइझ' केला. झोप तीन तास, रात्रीची मेस बंद. पेपरच्या आदल्या रात्री ती जिन्यात चक्कर येऊन पडली. रात्रभर सलाईन, आम्ही दोघी बाकावर बसून, आणि सकाळचा पेपर गेला तो गेलाच. अभ्यासाचे तास वाढवायचे हे तिने ठरवलं होतं, पण शरीराचा पन्हा मोजायचा राहिला. आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बेतायला गेली आणि जिवावर बेतलं."

एकाच क्रियापदाचे हे दोन अर्थ मला कुठल्या टेक्स्टबुकात सापडले नसते.

रूममेट आता ठणठणीत आहे. रात्री मेसमध्ये माझ्याआधी ताट घेऊन उभी असते. तेव्हा यापुढे कुणी म्हणालं 'ऑप्टिमाइझ कर', तर आधी विचारा : कशासाठी? आणि कापड किती आहे?