फ्रॉइड आणि हॉर्नायबाई

स्त्री स्वतःस उणी मानते, याचें मूळ पुरुषदेहाविषयींच्या असूयेंत आहे, असें मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचें प्रतिपादन होतें. १९२६ सालीं बर्लिनच्या डॉ. कॅरेन हॉर्नाय यांनीं त्याच्याच परिभाषेंत उलट प्रश्न केला: हें शास्त्र पुरुषांनीं रचलेलें, मग तें मुलग्याच्या नजरेनेंच मुलीकडे पाहत नसेल कशावरून? पुरुष रोगी तपासतांना बाईंना तर गर्भधारणेचा, मातृत्वाचा तीव्र हेवा आढळला होता! शिवाय मान, धन, सत्ता हीं सारीं पुरुषाकडे असतां स्त्रीनें पुरुषत्व इच्छिलें, तर त्यांत देहाचा काय दोष? श्रोत्यांतील गृहिणींस यांत नवल वाटणार नाहीं. फ्रॉइडला मात्र हें पटलें नाहीं. १९४१ सालीं न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषण संस्थेनें बाईंचें प्रशिक्षक-विश्लेषकाचें पद काढून घेतलें. बाईंनीं ती संस्था सोडून दुसरी स्थापिली. पुढें १९७४ सालीं ज्यूलिएट मिचेल या स्त्रीवादी लेखिकेनेंच, पुरुषसत्ता मनांत कशी मुरते हें जाणावयाचें तर फ्रॉइडला टाकून चालणार नाहीं, असा पक्ष मांडला.