मनगटातली दबलेली नस : सोनोग्राफी काय दाखवते?

आवणी, नागलीची लावणी, विळ्याने कापणी... जव्हार-मोखाड्यात, वांगणीसारख्या गावांत हातांना उसंत नसते. रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, तर ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देऊ नका.

लक्षणे : अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, करंगळी सहसा सुटते. हात झटकला की बरे वाटते.

कारण : मनगटातल्या अरुंद बोगद्यातून ९ स्नायुबंध आणि १ नस (मीडियन नर्व्ह) जाते. जागा कमी पडली की नस दबते. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि गरोदरपणात धोका वाढतो.

तपासणी : तळहात वर करून मनगटावर जेल लावतात आणि प्रोब फिरवतात. सुई नाही, विजेचा झटका नाही, क्ष-किरण नाहीत. दबलेली नस बोगद्याच्या तोंडाशी सुजलेली दिसते. तिथे तिचा छेद साधारण १० चौरस मिलिमीटरहून मोठा असेल, तर निदानाला बळ मिळते. गाठ किंवा स्नायुबंधांची सूजही दिसते.

मर्यादा : सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी आजार नाहीच असे नव्हे. लक्षणे आणि डॉक्टरांनी केलेली हाताची तपासणी आधी. गरजेनुसार नर्व्ह कंडक्शन चाचणी (नसेतून संदेश कसा वाहतो, हे पाहणारी).

लक्षात ठेवा : सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रातच होते, गर्भलिंग निदानाविरोधातल्या १९९४ च्या कायद्याचे तसे बंधन आहे. ती सगळीकडे मिळेलच असे नाही, म्हणून आधी जवळच्या आरोग्य केंद्रात हात दाखवा. सुरुवातीला रात्री मनगटाला आधाराची पट्टी बांधून आराम मिळू शकतो. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकू लागला, तर उशीर नको.