मॅगझिन : दारूगोळ्याचे आणि अक्षरांचे

रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर आपण मॅगझिन मागतो ते वाचायला. बंदूकधारी हवालदार मॅगझिन म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काडतुसांचा कप्पा असतो. या दोन्हींचा संबंध काय, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. संबंध आहे, आणि तो आपल्या खजिन्यातून जातो.

अरबीत ख, ज, न या तीन अक्षरांच्या धातूचा अर्थ साठवून ठेवणे. त्यापासून ‘मखजन’ म्हणजे कोठार. त्याचे अनेकवचन ‘मखाजिन’. याच धातूतला खजिना फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदारापर्यंत पोचला. मला कधीमधी कुणी विचारते, ‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’ त्यांना मी हा खजिनदार दाखवतो. तो कुठून आला, हे त्याला कुणीच विचारत नाही.

भूमध्य समुद्रावरच्या व्यापारात मखाजिन इटलीत गेला, फ्रान्समध्ये गेला. फ्रेंचांकडे आजही त्याचा अर्थ साधे दुकान. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत शिरला तो गोदाम म्हणून आणि पुढे दारूकोठार म्हणून. दिल्लीत ११ मे १८५७ रोजी, बंडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी स्वतःच उडवून दिले, ते असेच एक मॅगझिन. त्याच्या दरवाजाचे अवशेष काश्मिरी गेटजवळ भर रस्त्यात उभे आहेत. कोठार लहान होत होत बंदुकीत जाऊन बसले, एवढेच.

कागदाकडे हा शब्द वळवला लंडनच्या एडवर्ड केव्ह नावाच्या मुद्रकाने. १७३१ मध्ये त्याने ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढले. इकडच्या तिकडच्या वृत्तपत्रांतला वेचक मजकूर एका जागी साठवणारे कोठार, अशी त्याची कल्पना. डॉ. जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात हा नवा अर्थ नोंदवला, तोही केव्हच्या नावासकट.

आपण मराठीत मात्र मासिक म्हणालो, पाक्षिक म्हणालो. १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ काढले, तेव्हापासून अंक केव्हा निघतो यावरच आपली नावे. आत काय साठवले आहे, ते नाव सांगत नाही. मला इंग्रजांचा शब्द इथे सरस वाटतो. लाहोरला १९०१ मध्ये अब्दुल कादिर यांनी उर्दू मासिक काढले आणि त्याचे नाव सरळ ‘मखजन’ ठेवले. इकबालांच्या कविता त्यात येत. शब्द युरोप फिरून अर्थासकट घरी परतला.

साठच्या दशकात मराठी कवींनी लिटल मॅगझिने काढली, तीही बहुधा पदरमोड करून. अनेकांचे दोनचारच अंक निघाले. ‘सत्यकथा’सारखे मातब्बर मासिकही १९८२ मध्ये बंद पडले. ते अंक आता रद्दीत, नाहीतर कुणाच्या माळ्यावर. माझ्याकडे अशी एक पत्र्याची पेटी आहे. त्यातल्या काही कविता पुढे कोणत्याच संग्रहात आल्या नाहीत. कवी गेले, अंक काढणारेही गेले. वाळवी लागू नये म्हणून दर पावसाळ्यानंतर मी ती पेटी उन्हात ठेवतो.