मरून टी-शर्ट, पांढरी शाई

घटस्थापना जवळ आलीय. केडगावात पुणे रस्त्याला लागून पत्र्याची शेड, आत टी-शर्ट छपाईचं दुकान. वरून पत्रा तापलेला, आत हीट प्रेस. पंखा गरम हवाच फिरवतो. शाईचा उग्र वास डोक्यात चढतो. बाहेर ट्रकचे हॉर्न थांबत नाहीत.

काउंटरला घोळका आहे. क्रिकेटची टीम, गरब्याचा ग्रुप आणि तुळजापूरहून पायी ज्योत आणणारी पोरं. रेणुकामातेच्या देवळाकडची कमान, दिवे, प्रसाद यांच्या गप्पा चाललेल्या.

‘किती नग?’

‘चाळीस. नाहीतर पन्नास धरा, भाऊ.’

‘धरा नको. आकडा सांग.’

ज्योतवाल्यांतला एक पोरगा मोबाइल पुढे करतो. क्यूआर कोड ग्रुपवर टाकू. चाकणला कामाला गेलेली पोरं, गल्लीतले दुकानदार, सगळे देतील. जमेल तेवढ्यात टी-शर्ट.

मालक उत्तर देत नाही, आत नेतो. टेबलावर लाकडी चौकटीत ताणलेली जाळी. एका रंगाला एक चौकट. दहा नग असोत की शंभर, चौकटीची मेहनत तेवढीच. कारागीर मरून टी-शर्ट ठोकळ्यावर चढवतो, रबरी पट्टीने पांढरी शाई ओढतो. पहिला हात कापडात मुरतो, फिका दिसतो. तो वाळवतो, दुसरा हात मारतो. देवीचा मुखवटा उठून येतो. पॉलिस्टरला आच जास्त लागली, तर मरून रंग वर चढतो आणि पांढरं गुलाबी पडतं. म्हणून तो सारखा हात लावून बघतो.

कोरा माल तिरुपूरहून येतो. मागाहून पाच नग वाढवले, तर तोच मरून मिळेल याची खात्री नाही. म्हणून मालक हटून बसलाय: साइजसकट यादी आणि अर्धे पैसे आगाऊ.

मला त्याचं पटतं. कोडवर पैसे येतात, साइज येत नाही. एकशे एक देणाऱ्याला टी-शर्ट द्यायचा की नाही, हे आधी ठरलेलं नसतं. पैसे कमी पडले, तर चाळीस अंगांपैकी कुणाला वगळणार?

लाइट जाते. घोळका फुटपाथवर येतो. मंडळातले एक वयस्क काका घाम पुसत पोरांना समजावतात. देवीच्या नावाने लोकांकडून पैसे मागायचे, तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१क आहे. धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हिशोब द्यावा लागतो. ‘लोकं देवीला देतात रे, तुमच्या कपड्यांना नाही.’

पोरं गप्प. वर्गणीवर आपले मांडव उभे राहतात, पंगती उठतात, आणि ती उभी करायला चांगली माणसं झिजतात. तिच्यातून अंगावरचा कपडा काढू नये, असं मलाही मनापासून वाटतं. अंगात घालणाऱ्याने आपल्या टी-शर्टचे अडीचशे द्यावेत.

‘पण दोघा-तिघांना नाही जमणार, काका.’

‘त्यांचं मी बघतो. नावं ग्रुपवर टाकू नका.’

लाइट येते. मोबाइलवाला पोरगा कागद मागतो, तीन रकाने आखतो: नाव, साइज, पैसे. कोड तोच राहतो, फक्त आता तो यादीतल्यांनाच जाणार. शेवटची तारीख रविवार.

‘एक्सएल किती?’ मालक विचारतो, आणि पोरं एकमेकांची पोटं बघायला लागतात.